न्यायालयाला दिलेला शब्द : निपाणीच्या बांधापासून कणकुंबीच्या कालव्यापर्यंत

१४ डिसेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या उपस्थितीत महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांची बैठक झाली. त्याआधी आठ दिवस बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्रातील वाहनांवर दगडफेक झाली होती आणि सीमाभागातील वातावरण तापले होते. सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या भूभागावर दावा करू नये आणि दोन्हीकडील तीन-तीन मंत्र्यांच्या समितीने चर्चा करावी, असे त्या बैठकीत ठरल्याचे जाहीर करण्यात आले.

त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही. २२ डिसेंबरला कर्नाटक विधिमंडळाने राज्याची एक इंचही जमीन न देण्याचा ठराव केला. २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही शहरे आणि ८६५ मराठी भाषक गावे यांसाठी कायदेशीर लढा देण्याचा ठराव केला. दिल्लीतील समझोता कोणी मोडला, यावरून दोन्ही बाजूंनी आरोप-प्रत्यारोप झाले. त्या समझोत्याच्या भंगासाठी कोणाला कायद्याने जाब विचारता आला नाही आणि विचारता आलाही नसता. दिल्लीत दिलेला शब्द एका मुख्यमंत्र्याने दुसऱ्याला, केंद्रीय मंत्र्यासमोर दिला होता. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला मूळ दावा ज्या न्यायालयासमोर प्रलंबित आहे, त्या न्यायालयाला तो दिलेला नव्हता.

वाद मिटवताना दिलेल्या शब्दाचे कायदेशीर मोल याच फरकावर ठरते. बैठकीतला शब्द, पंचांसमोरचा शब्द, करारातला शब्द आणि न्यायालयाला दिलेला शब्द हे ऐकायला सारखे वाटले, तरी ते मोडल्यानंतर होणारे परिणाम सारखे नसतात. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात शेताचा बांध, घराचा ताबा, भावांमधील वाटणी असे असंख्य वाद तडजोडीने मिटतात. याच जिल्ह्यातील कणकुंबीच्या माथ्यावर गोव्याच्या म्हादईचे पाणी अडले आहे, तेही अशाच एका शब्दाच्या प्रश्नात. त्यामुळे हा विषय केवळ वकिलांपुरता राहत नाही.

हमी म्हणजे काय?

न्यायालयात दिलेली हमी म्हणजे पक्षकाराने किंवा त्याच्या वतीने अधिकृत वकिलाने न्यायालयाला दिलेले निःसंदिग्ध वचन. एखादी गोष्ट अमुक मुदतीत करीन किंवा अमुक गोष्ट करणार नाही, असे तिचे स्वरूप असते. ती प्रतिज्ञापत्रावर देता येते, तडजोडीच्या पुरशिसीत लिहिता येते किंवा तोंडी देऊन रोजनाम्यात नोंदवली जाते. न्यायालय त्या वचनावर विसंबून आदेश देते. मुदत वाढवून देते, जप्ती थांबवते किंवा दावा निकाली काढते. वचन मोडले, तर समोरच्या पक्षाबरोबर न्यायालयाचीही फसवणूक होते, असे कायदा मानतो.

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम २ मध्ये दिवाणी अवमानाची व्याख्या आहे. न्यायालयाचा निर्णय, हुकूमनामा, निर्देश, आदेश किंवा अन्य आदेशिका यांची हेतुपुरस्सर अवज्ञा जशी दिवाणी अवमान ठरते, तसाच न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंगही ठरतो. कलम १२ नुसार यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र दिवाणी अवमानात आधी दंडाचा विचार करायचा आणि तो पुरेसा नसेल तेव्हाच दिवाणी कैदेकडे वळायचे, असा क्रम कायद्यानेच घालून दिला आहे. प्रामाणिक माफी न्यायालयाला पटली, तर शिक्षा माफ होऊ शकते. कलम २० नुसार अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते.

दोन हजारांचा दंड आजच्या काळात किरकोळ वाटेल. हमीचे खरे वजन दंडाच्या रकमेत नसून कैदेच्या शक्यतेत आणि न्यायालयाच्या दुसऱ्या अधिकारात असते. अवमानाने झालेला बदल रद्द करून परिस्थिती पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

नुसती तडजोड आणि हमी यांतील अंतर

बहुतेक पक्षकारांची गल्लत येथे होते. तडजोड न्यायालयात दाखल झाली, तिच्यावर शिक्का बसला, म्हणजे तिचा भंग हा आपोआप अवमान, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याची भूमिका तशी नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ नुसार उभय पक्षांनी लेखी आणि सहीनिशी केलेली कायदेशीर तडजोड न्यायालय नोंदवते आणि तिच्या आधारे हुकूमनामा करते. असा हुकूमनामा म्हणजे मुळात पक्षकारांमधला करारच असतो. त्यावर न्यायालयाची मोहोर उमटलेली असते. तो मोडला, तर रूढ मार्ग म्हणजे दरखास्त. दरखास्त दाखल करून ताबा, वसुली किंवा जप्ती मिळवायची असते. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले, की संमतीने झालेल्या आदेशात न्यायालयाला दिलेली स्पष्ट हमी नसेल, तर केवळ संमतीच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून अवमानाची शिक्षा देता येणार नाही. वचन एकमेकांना दिलेले असेल, तर त्याचा भंग हा एकमेकांविरुद्धचा कसूर ठरतो. अवमान होण्यासाठी वचन न्यायालयाला दिलेले असावे लागते.

दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, जागेच्या ताब्याच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. पक्षकाराने जागा रिकामी करून देण्याची हमी न्यायालयाला दिली आणि न्यायालयाने ती स्वीकारून आदेश केला, तर त्या हमीला मनाई हुकुमाचे बळ येते आणि ती मोडणे हा अवमान होतो, असा निर्वाळा त्या निकालात आहे. तेथे न्यायालय केवळ शिक्षेवर थांबले नाही. वचनाप्रमाणे ताबा मिळावा, यासाठीही त्याने आदेश दिले.

मग दरखास्तीचा मार्ग मोकळा असेल, तर अवमान याचिका करता येते का? २००६ मध्ये एका कुटुंबाच्या व्यवसायातील वादात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. संमती आदेशात हमी नोंदवलेली असेल, तर तो आदेश दरखास्तीने अंमलात आणण्याजोगा आहे, एवढ्या कारणावरून अवमानाची कारवाई अडत नाही. तरीही अवमान याचिका म्हणजे वसुलीचे हत्यार नव्हे, याची आठवण न्यायालये वारंवार करून देतात. हमी न पाळणे आणि हमी पाळता न येणे यांत फरक आहे. पीक बुडाल्याने ठरलेला हप्ता चुकलेला शेतकरी आणि पैसे असूनही ते दुसरीकडे वळवणारा ऋणको यांना एकाच मापाने मोजले जात नाही. ‘हेतुपुरस्सर’ या एका शब्दावर बहुतेक अवमान याचिकांचा निकाल ठरतो आणि तो हेतू सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो.

निपाणीच्या बांधावरचे उदाहरण

हे अंतर समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. निपाणीलगतच्या एका गावात दोन भावांची वडिलोपार्जित जमीन आहे. चार एकर निपाणी तालुक्यात आणि दीड एकर सीमेपलीकडे कागल तालुक्यात. थोरला गावातच शेती करतो, धाकटा नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहतो. वाटणीचा दावा निपाणीच्या दिवाणी न्यायालयात सुरू होतो. चार वर्षांच्या तारखांनंतर नातेवाईक मध्ये पडतात आणि तडजोड ठरते. थोरल्याने विहिरीचे पाणी आठवड्यातून तीन दिवस सोडायचे, धाकट्याने तीन महिन्यांत जुन्या घरातील खोल्यांचा ताबा द्यायचा आणि हुकूमनामा होईपर्यंत कोणीही जमीन विकायची नाही.

तडजोडीत ‘उभय पक्षांनी वरीलप्रमाणे वागण्याचे ठरले आहे’ एवढेच लिहिले, तर तो हुकूमनामा होईल. धाकट्याने खोल्या दिल्या नाहीत, तर थोरल्याला दरखास्त करावी लागेल. ‘प्रतिवादी न्यायालयास हमी देतो, की तो अमुक तारखेपर्यंत अमुक खोल्यांचा रिकामा ताबा देईल व तोपर्यंत तेथे तिसऱ्या व्यक्तीचा हक्क निर्माण करणार नाही’ असे लिहिले आणि न्यायालयाने ती हमी स्वीकारल्याची नोंद आदेशात केली, तर दरखास्तीबरोबर अवमानाचा मार्गही खुला राहतो. दोन्ही मजकुरांत फरक एका ओळीचा आहे. भांडण पुन्हा उभे राहिले, की त्या ओळीची किंमत कळते.

या उदाहरणात आणखीही खाचखळगे आहेत. ‘आठवड्यातून तीन दिवस’ म्हणजे कोणते तीन दिवस, दिवसा की रात्री, पंप किती अश्वशक्तीचा, वीज नसेल त्या दिवसाचे काय, हे लिहिलेले नसेल, तर हमी संदिग्ध राहते. संदिग्ध हमीच्या भंगासाठी शिक्षा होत नाही. संशयाचा फायदा ज्याच्यावर आरोप आहे त्याला मिळतो. दाव्यात नसलेली एखादी जमीन तडजोडीत घातली गेली, तर तेवढ्यापुरता हुकूमनामा नोंदणीकृत करावा लागतो. हे अनेकांना उशिरा कळते आणि उताऱ्यावर नाव चढवताना अडचण येते. कुटुंबात अज्ञान वारस असेल, तर त्याच्या वतीने तडजोड करण्यास न्यायालयाची स्वतंत्र परवानगी लागते. ती नसेल, तर सज्ञान झाल्यावर तो वारस ती तडजोड नाकारू शकतो.

मुदतीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. सर्वसाधारण हुकूमनाम्याच्या दरखास्तीसाठी १२ वर्षे मिळतात. मात्र भिंत पाडा, वाट मोकळी करा, अशी एखादी कृती करण्यास भाग पाडणाऱ्या हुकूमनाम्यासाठी ती मुदत केवळ तीन वर्षांची आहे. अवमानाची मुदत तर एकच वर्ष. ‘भाऊच आहे, करील आज ना उद्या’ म्हणून थांबणारा पक्षकार सर्वांत धारदार उपाय सर्वांत आधी गमावतो.

लोकअदालतीतील तडजोड

अलीकडे बरेच वाद राष्ट्रीय लोकअदालतीत मिटतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा आहे. तो अंतिम असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. तडजोड झाली नाही, तर प्रकरण मूळ न्यायालयाकडे परत जाते.

अपील नाही, याचा दुसरा अर्थ असा, की सही करण्यापूर्वीच पूर्ण विचार करायला हवा. न्यायालयातील संमती हुकूमनाम्याचेही तेच आहे. त्यावर अपील नाही आणि तडजोड बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावाही लावता येत नाही. फसवणूक झाल्याचे म्हणणे असेल, तर ते त्याच न्यायालयासमोर मांडावे लागते.

भाषेचा अडसर

बेळगाव जिल्ह्यातील मराठी पक्षकारासमोर आणखी एक अडचण असते. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. राज्य पुनर्रचनेनंतर दुय्यम न्यायालयांचे कामकाज कन्नड व इंग्रजीत चालू लागले. तडजोडीचा मसुदा या दोन्हींपैकी एका भाषेत तयार होतो. खानापूरच्या डोंगराळ भागातील किंवा निपाणीच्या खेड्यातील ज्येष्ठ पक्षकाराला तो वाचता येतोच, असे नाही. कुटुंबातील कोणी शिकलेला किंवा वकिलाचा कारकून तोंडी सांगतो आणि अंगठा किंवा सही होते.

हमीच्या बाबतीत ही ढिलाई महागात पडू शकते. मजकूर पक्षकाराच्या मातृभाषेत वाचून दाखवला आणि त्याने तो समजून घेऊन सही केली, अशी नोंद मसुद्याच्या शेवटी असणे त्याच्याच हिताचे आहे. पुढे तो म्हणू शकतो, की मी हे वचन दिलेच नव्हते. समोरचा पक्ष म्हणू शकतो, की दिले होते. दोघांनाही त्या नोंदीचा आधार लागतो. वकिलाने दिलेल्या हमीबाबतही तेच. अशिलाचे स्पष्ट अधिकारपत्र नसताना त्याचा हक्क सोडून देणारे वचन वकिलाने देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. तडजोडीवर पक्षकाराची स्वतःची सही असणे हाच निर्धोक मार्ग.

राज्याची सीमा हमीला अडवते का?

सीमाभागात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे निपाणीच्या न्यायालयाचा आदेश कोल्हापुरात चालतो का? राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१ नुसार भारताच्या कोणत्याही भागातील दिवाणी न्यायालयाचे अंतिम निर्णय व आदेश देशभर अंमलात आणता येतात. प्रत्यक्षात हुकूमनामा करणारे न्यायालय आपल्या हद्दीबाहेर स्वतः जप्ती करत नाही. ते हुकूमनामा संबंधित न्यायालयाकडे वर्ग करते. निपाणीचा हुकूमनामा कागलच्या न्यायालयात पाठवून तेथील मालमत्तेवर अंमल करता येतो. एकाच वादातील जमीन दोन न्यायालयांच्या हद्दीत असेल, तर दावा कोणत्याही एका ठिकाणी लावण्याची मुभा संहितेने दिली आहे. त्यामुळे सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन दावे लढण्याची गरज नाही.

अवमानाच्या बाबतीत सीमा आणखी निष्प्रभ आहे. तालुका किंवा जिल्हा न्यायालय अवमान अधिनियमाखाली स्वतः शिक्षा देत नाही. तो अधिकार उच्च न्यायालयाचा आहे. बेळगाव जिल्ह्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे. १९७१ च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार अवमान उच्च न्यायालयाच्या हद्दीत घडला की बाहेर आणि अवमान करणारा हद्दीत आहे की बाहेर, हे पाहिले जात नाही. निपाणीच्या न्यायालयाला हमी देऊन कोल्हापूर, पणजी किंवा पुण्यात राहायला गेलेला माणूस तेवढ्यामुळे सुटत नाही.

मनाई हुकूम मोडल्यास मात्र मूळ न्यायालयाच्याही हाती उपाय असतो. संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ नुसार मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. म्हणून हमीच्या जोडीला त्याच आशयाचा मनाई हुकूमही मागून घेतला जातो. धारवाडपर्यंत धावण्याऐवजी तालुक्याच्या न्यायालयातच दाद मागण्याची सोय त्यामुळे राहते.

सरकारने दिलेला शब्द

हमी देणारा पक्षकार सरकारच असेल, तर हे सारे किती टिकते? न्यायालयांनी तत्त्व म्हणून सरकारला कधी सूट दिलेली नाही. अयोध्येतील वादग्रस्त जागेबाबत दिलेल्या हमीचा आणि आदेशाचा भंग झाल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर १९९४ रोजी उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याणसिंह यांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंडाची शिक्षा दिली. सरकारच्या वतीने दिलेल्या हमीसाठी मुख्यमंत्री व्यक्तिशः जबाबदार धरला जाऊ शकतो, हे त्या निकालाने दाखवले. २००६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध लाकडाच्या गिरण्यांना परवानगी दिल्याबद्दल महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री स्वरूपसिंह नाईक यांना एक महिन्याच्या कैदेची शिक्षा झाली. कर्नाटकालाही हा अनुभव आहे. कावेरीचे पाणी सोडण्याचे आदेश न पाळल्याबद्दल २००२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांना सर्वोच्च न्यायालयाची बिनशर्त माफी मागावी लागली होती.

या उदाहरणांवरून सरकारविरुद्धची कारवाई सोपी असते, असा निष्कर्ष निघत नाही. या प्रकरणांत आदेश काय होता आणि तो मोडला का, हे तुलनेने स्वच्छ दिसत होते. बांधकाम झाले, परवाना दिला गेला, पाणी सोडले नाही. जेथे भंग डोळ्यांना दिसत नाही, तेथे प्रश्न अवघड होतो. गोव्याच्या दृष्टीने तो प्रश्न कणकुंबीत उभा आहे.

कणकुंबीचा जोडकालवा

चोर्लामार्गे बेळगावला जाताना लागणारे खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव दोन नद्यांच्या पाणलोटांच्या माथ्यावर आहे. याच परिसरात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच माथ्यावरचा कळसा नाला मात्र म्हादईत उतरतो आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला जातो. येथे थोडासा कालवा खणला, तरी पश्चिमेचे पाणी पूर्वेला वळवता येते. कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाची सारी कल्पना या भूगोलावर उभी आहे. हुबळी-धारवाड परिसराला पिण्याचे पाणी देणे, हा कर्नाटकाने सांगितलेला हेतू. ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी देणारी खांडेपार नदी ही म्हादईचीच उपनदी. प्रवाह घटला, तर पिण्याचे पाणी, म्हादई अभयारण्य आणि मांडवीच्या खाडीतील खारेपणा या सर्वांवर परिणाम होईल, ही गोव्याची भूमिका.

गोव्याने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा केला. १६ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्राने म्हादई जलविवाद न्यायाधिकरण स्थापन केले. सुनावणीदरम्यान जोडकालव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. १७ एप्रिल २०१४ च्या अंतरिम आदेशात न्यायाधिकरणाने म्हादई खोऱ्यातील पाणी मलप्रभेकडे वाहू नये, यासाठी पावसाळ्यापूर्वी कालव्याचा प्रवाह बंद करण्यास सांगितले. कणकुंबीत भिंत उभी राहिली. पुढे गोव्याने वेळोवेळी तक्रार केली, की काम सुरू आहे आणि पाणी वळवले जात आहे. कर्नाटकाने ती नाकारली.

१४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी देण्यात आले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी मलप्रभेकडे वळवण्यासाठी आहे. त्यात कळसा १.७२ आणि भांडुरा २.१८. केंद्राने २७ फेब्रुवारी २०२० रोजी निवाडा अधिसूचित केला. आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियमाच्या कलम ६ नुसार अधिसूचित निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचे बळ असते. मात्र तिन्ही राज्यांच्या त्यावरील याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

ऑक्टोबर २०२० मध्ये गोव्याने कर्नाटकाविरुद्ध अवमान याचिका दाखल केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही राज्यांच्या अभियंत्यांच्या संयुक्त समितीला पाहणीचे आदेश दिले आणि मार्चमध्ये समिती कणकुंबीत पोहोचली. अवमान याचिकेतील न्यायालयाचे हे पहिले पाऊल फार बोलके आहे. कोण दोषी, हे ठरवण्याआधी पाणी वळले का, हे पाहावे लागले. जमिनीच्या तडजोडीत ‘आठवड्यातून तीन दिवस’ म्हणजे काय, हा जो प्रश्न, तोच येथे टीएमसीत विचारला गेला. पावसाळ्यात माथ्यावर कोसळणारे पाणी, अर्धवट खणलेला कालवा, त्याला घातलेली भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ओहोळ यांतून कोणत्या दिवशी किती पाणी कोणत्या दिशेला गेले, हे मोजणारी स्वतंत्र व्यवस्था त्या जागी सुरुवातीपासून नव्हती. मोजमाप नसेल, तर प्रत्येक पक्षाकडे आपापली छायाचित्रे असतात आणि ‘हेतुपुरस्सर’ भंग सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

२९ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिल्यावर गोव्यात असंतोष उसळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक वैधानिक परवानग्यांशिवाय काम करता येणार नाही, ही आपली आधीची भूमिका कायम ठेवली. त्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ हे प्राधिकरण मंजूर केले. त्याच्या पथकाने जुलै २०२४ मध्ये गोवा आणि बेळगाव जिल्ह्यातील स्थळांची पाहणी केली.

शब्द टिकतो तो कशाने?

दिल्लीतील बैठक, निपाणीचा बांध आणि कणकुंबीचा कालवा यांची तुलना केली, की हमीच्या अंमलबजावणीचे गणित उलगडते. दिल्लीतील शब्द न्यायालयाला दिलेला नव्हता, म्हणून तो मोडल्यावर दाद मागण्याची जागाच नव्हती. बांधावरचा शब्द न्यायालयाला दिला, तर दाद मागता येते. पण तो नेमका, मुदतबंद आणि समजून दिलेला असावा लागतो. कणकुंबीत आदेश आहे, निवाडा आहे, दाद मागण्यासाठी देशातील सर्वोच्च न्यायालयही आहे. तेथे बराच काळ उणीव होती ती पाण्यावर रोज नजर ठेवणाऱ्या तटस्थ डोळ्याची.

म्हणून तडजोड लिहितानाच तिच्या पालनाची नोंद कोण ठेवील, हे ठरवणे शहाणपणाचे ठरते. ताब्याची पावती, हप्त्याचा बँकेतून भरणा, मोजणीचा नकाशा, न्यायालयाने नेमलेल्या आयुक्ताचा अहवाल हे भावाभावांच्या वादातील मोजमाप. नद्यांच्या वादात त्याची जागा प्रवाहमापन केंद्रे आणि त्यांची सर्वांना खुली आकडेवारी यांनी घ्यायची असते. ‘प्रवाह’च्या कामाची पारखही गोव्याला याच कसोटीवर करावी लागेल. पाहणी दौरे किती झाले, यापेक्षा कळसा आणि भांडुरावर बारमाही मोजमाप बसले का आणि त्याचे आकडे तिन्ही राज्यांना एकाच वेळी मिळतात का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ते आकडे हाती नसतील, तर पुढच्या पावसाळ्यात कणकुंबीच्या माथ्यावर जे काही घडेल, त्याबद्दल न्यायालयासमोर पुन्हा एकदा दोन राज्यांची दोन प्रतिज्ञापत्रे उभी राहतील.